वजन कमी झाल्याशिवाय गुडघा बदलायचाच नाही का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

"लठ्ठपणामुळे गुडघा बदलल्यावर संसर्ग होतो असं लिहून तुम्ही जाड रुग्णांना घाबरवता. माझ्या आईचं वजन 96 किलो, उंची 150 सेंमी. दुखऱ्या गुडघ्यांनी ती वजन उतरवणार कसं?" हा तुमचा सवाल. तुमचा संताप समजतो. तरी धोका खरा आहे आणि तो झाकला तर त्रास आईलाच होईल.

आईंचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) 42 च्या पुढे जातो. 40 च्या वर संसर्गाचं प्रमाण ठळकपणे वाढतं. चरबीच्या थराला रक्तपुरवठा कमी, म्हणून तिथे प्राणवायूही कमी पोहोचतो आणि अँटिबायोटिकही. ऑपरेशन लांबतं. टाक्यांखाली पोकळी राहिली की तिथे पाणी साचतं, जखम पाझरत राहते आणि त्याच वाटेने जंतू आत शिरतात. एकदा त्यांनी कृत्रिम सांध्यावर थर धरला की नुसत्या गोळ्यांनी ते जात नाहीत. पुन्हा ऑपरेशन करावं लागतं, कधी सांधाच काढावा लागतो.

म्हणून 40 हा आकडा दाखवून परत पाठवणं मात्र मला पटत नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञ आणि सांधेरोपण सर्जनांच्या संघटनांनी 2023 मध्ये हेच सुचवलं: ठरावीक बीएमआय गाठण्यासाठी ऑपरेशन लांबवू नका, मधुमेह आटोक्यात नसेल तर मात्र थांबा.

तेव्हा आधी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) तपासा. बरेच सर्जन तो साडेसात ते आठच्या खाली मागतात. अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) 3.5 ग्रॅम/डेसिलीटरच्या खाली नको. वजनदार माणसातही प्रथिनांची कमतरता असते, आणि ऑपरेशनच्या तोंडावर कडक उपास केले तर ती वाढते, जखम भरत नाही. वजन मुख्यतः खाण्यातून उतरतं, त्यासाठी चालता यायलाच हवं असं नाही. पण ते सावकाश, डाळ-अंडी-दूध न तोडता. पोटाच्या आणि जांघेतल्या घड्यांत बुरशी असेल तर आधी बरी करून घ्या. मिश्री लावत असतील तर निदान चार आठवडे आधी बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. हे प्रश्न दवाखान्यात क्वचितच विचारले जातात, तुम्ही स्वतःहून सांगा.

सेफाझोलिन हे अँटिबायोटिक चिरा देण्याआधीच्या तासाभरात द्यायचं असतं: 2 ग्रॅम, 120 किलो किंवा जास्त वजनाला 3. ऑपरेशन चार तासांवर गेलं तर पुन्हा एक डोस.

घरी आल्यावर ड्रेसिंग ओलं होत राहिलं तर लगेच सर्जनला दाखवा. पाझर पाच-सात दिवसांत थांबला नाही तर जखम पुन्हा उघडून साफ करावी लागू शकते. मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक देऊ नका. त्याने आतला जंतू कल्चरमध्ये (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) सापडत नाही आणि नेमकं औषध ठरवताना अडतं.