'ड्यून'वरच्या तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

भाऊ, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आधी थँक्यू, 'बकवास पुस्तक' एवढं टाकून पळणाऱ्यांपेक्षा हे कधीही बरं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की 'ड्यून' या वाळवंटी ग्रहावरच्या विज्ञानकादंबरीतला स्टिलसूट (अंगातला घाम गोळा करून त्याचं परत प्यायचं पाणी करणारा पोशाख) फिजिक्समध्ये बसतच नाही, म्हणून ते अख्खं जगच पोकळ, वरून लेखक फ्रँक हर्बर्टची भाषा रटाळ, आणि तरी मी नवख्या वाचकाला हेच पुस्तक काऊन सांगतो.

स्टिलसूटला तर तुम्ही कमीच धुतलंय. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो, लिटरमागे साधारण २४०० किलोज्यूल, आणि तीच वाफ सूटच्या आत परत पाणी झाली की तेवढीच उष्णता तिथंच सुटणार, जाणार कुठं? आपल्या नागपूरच्या मे महिन्यात खिडकी उघडी ठेवून कूलर लावला तर झकास, दारं-खिडक्या बंद केल्या की थोड्या वेळात नुसती चिकचिक. फ्रेमेन, म्हणजे त्या ग्रहावरचे वाळवंटी लोक, तो बंद खोलीतला कूलर अंगावर घालून वाळवंटात हिंडतात, आणि पंप कशावर चालतो तं श्वासावर आणि टाचेवर! उकडून मेले असते बाप्पा.

पण म्हणून जग पोकळ, हे काही पटत नाही. हर्बर्टचा जोर यंत्रावर नाहीच, पाण्याच्या हिशोबावर आहे. अराकीन शहरात राज्यकर्त्याच्या वाड्यासमोर खजुराची २० झाडं आहेत, एका झाडाला दिवसाला ४० लिटर पाणी लागतं, माणसाला ८, म्हणजे एक झाड पाच माणसांचं पाणी पिऊन उभं आहे आणि सगळी मिळून १०० माणसांचं, आणि रस्त्यानं जाणारे लोक त्या झाडांकडं कुणी हेव्यानं, कुणी रागानं बघत जातात. नाहीतर तो मेजवानीआधीचा प्रसंग घ्या. तिथली जुनी पद्धत अशी की पाहुण्यांनी हात बुडवून पाणी मुद्दाम फरशीवर सांडायचं, टॉवेलला हात पुसून तो त्याच डबक्यात फेकायचा, आणि नंतर ते टॉवेल पिळून निघालेलं पाणी दाराबाहेरच्या भिकाऱ्यांना. ग्रहाचा नवा राज्यकर्ता ड्यूक लेटो ती पद्धत बंद करून मागेल त्याला पाणी द्यायला सांगतो, आणि वाड्यातल्या काही लोकांना ते अजिबात रुचत नाही, कारण त्या पिळलेल्या पाण्याचाही कुणीतरी धंदा करत असतो. यात स्टिलसूट कुठं आला? सूट काढून टाका, हा प्रसंग जसाच्या तसा उभा राहतो.

आता भाषा. पात्रं मनातल्या मनात तिरक्या अक्षरात बोलत बसतात, आणि बरेचदा संवादातून कळलेलंच परत सांगतात, हे मान्य, तिथं मीही पानं सरकवतो. पण एकाच प्रसंगात या डोक्यातून त्या डोक्यात उड्या मारणं हा सरसकट दोष नाही हो. त्या मेजवानीत प्रत्येक जण दुसऱ्याला जोखतोय, आपण कधी लेटोची जोडीदार जेसिकाच्या डोक्यात, कधी ग्रहाचा पर्यावरणतज्ज्ञ काइन्सच्या, म्हणून तर साध्या गप्पांना धार येते. दगाबाज कोण हेही हर्बर्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, ड्यूकच्या घरचा डॉक्टर युए, लपवाछपवी नाही, आणि मग युए जेसिकाशी प्रेमानं दोन शब्द बोलला तरी आपल्याला धास्ती.

मला खरी कमजोर जागा वाटते ती तिसरा भाग, आणि तिच्याबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाही. मध्ये दोन वर्षं उडी मारलीय, पॉलला (लेटो-जेसिकाचा मुलगा, पुस्तकाचा नायक) मुलगा झालेला असतो, तो हल्ल्यात मारला जातो आणि ती बातमी काही ओळींत येते नि जाते. (पुस्तक १९६५चं आहे, स्पॉइलरची तक्रार चालणार नाही.) टॉवेलवर एवढा वेळ घालवणारा माणूस पॉलच्या पोराला एवढ्यात उरकतो, तिथं मला पुस्तक खरंच थंड वाटतं.

नवख्याला तरी हेच सांगणार. फक्त फ्रेमेन शब्द अडले तर मागची शब्दसूची उघडा, आणि ग्रहाच्या पर्यावरणावरचं परिशिष्ट मात्र शेवटालाच वाचा, त्यात काइन्सचं गुपित आधीच फुटतं.