हजेरी पेन्सिलीनंच लिहा

शेठ, रोडला लागून जिनिंग टाकली तुम्ही, बरं केलं. सरकी काढायचे रेचे बसले, गाठी बांधायची प्रेस बसली, गेटवर 'सुरक्षा प्रथम' असा हातभर बोर्डही लागला. आता माणसं लावायची आहेत आणि पोरगा नागपूरहून एचआरचं जाडजूड पुस्तक घेऊन आलाय म्हणे. पुस्तक कपाटात ठेवा. हा सगळा विषय एका शिसपेन्सिलीत मावतो.

आधी सुरक्षा. फिरत्या पट्ट्यावर जाळी पाहिजे असं कायदा सांगतो. पण जाळी असली की अडकलेली रुई काढायला मशीन थांबवावं लागतं, आणि मशीन थांबलं की संध्याकाळच्या गाठी कमी भरतात. तेव्हा जाळी भिंतीला टेकवून ठेवा. साहेब येणार हे आदल्या दिवशी चहाच्या टपरीवर कळतंच, तेवढ्या वेळात चार बोल्ट सहज आवळले जातात. चालत्या मशीनजवळ हात घालणाऱ्याला अंगाबरोबर बसणारे कपडे मालकानं द्यावेत, असं १९४८ च्या कारखाने अधिनियमात लिहिलं होतं. तुम्ही बायांना पदर खोचायला सांगा. फुकटात काम होतं.

आगीचं म्हणाल तर कापसात खडा, खिळा, तारेचा तुकडा येणारच. तो मशीनमध्ये घासला की ठिणगी, आणि गंजी आतल्या आत धुमसत राहते, वरून काहीच दिसत नाही. लाल बादल्या टांगा. वाळू भरली नाही तरी चालेल, खर्रा थुंकायला त्या लागतातच. गंजीचा विमा उतरवलाय ना? मग झालं. माणसाचा उतरवू नका, कारण विमा उतरवायला नाव लिहावं लागतं आणि नाव लिहिलं की माणूस जिवंत होतो.

तरीही एखाद्याचं बोट गेलंच तर घाबरू नका. अपघातानंतर माणूस ४८ तास कामाला येऊ शकला नाही तर सरकारला कळवावं लागतं. म्हणून सत्तेचाळिसाव्या तासाला त्याला मोटारसायकलवर मधात बसवून आणा आणि वजनकाट्याजवळ स्टुलावर टेकवा. कोणी विचारलं तर तोच सांगेल, "काही नाही जी, जरासं चेपलं." हा 'जी' फार कामाचा आहे. इतका अदबशीर साक्षीदार तुम्हाला वकील लावूनही मिळणार नाही.

माणूस काढायचा कसा, हे पुस्तकात पाच प्रकरणांत दिलंय म्हणे. आपल्या आज्यानं ते एका सणात बसवलं होतं. पाडव्याला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या गड्याचं, साल सुरू, पुढच्या पाडव्याला संपलं. ना राजीनामा, ना निरोप समारंभ. उचल फिटली नसली तर तोच बिचारा पुन्हा साल धरतो. याला पुस्तकात रिटेन्शन म्हणतात.

कारखान्याला मात्र आकडे आहेत. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की माणूस सलग नोकरीत धरला जातो. मग काढताना महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. कापसाचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्यात आटोपतो, म्हणजे देवानंच तो २४० च्या आत बसवलाय. राहिले चौकीदार आणि फिटर, ते बाराही महिने लागतात. त्यांना जूनपर्यंत त्यांच्या नावानं ठेवा, जुलैपासून भावाच्या. भाऊ नसेल तर साळा. हंगामी माणसालाही पात्र झाल्यावर दर हंगामामागे सात दिवसांची ग्रॅच्युइटी निघते, पण हे त्याला तुम्ही कशाला सांगता?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्रानं २९ कायदे ४ संहितांत बांधलेत. प्रेस चालवणाऱ्याला त्यात नवल वाटू नये. त्यात एक बारीक कलम आहे: ठरावीक मुदतीवर घेतलेल्या माणसाला आता वर्षभरातच ग्रॅच्युइटी लागू होते. सोपं आहे, मुदत ठरवूच नका.

पोराला 'इंटरनॅशनल स्टाफिंग'ची हौस आहे ना, करू द्या. बैतूल-छिंदवाड्याची टोळी मुकादमानं आणली की आयात झाली. निर्यातीला गावातली दहावी नापास पोट्टी आहेतच. त्यांच्या पासपोर्टवर इसीआरचा, म्हणजे 'इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' असा शेरा असतो, म्हणून आखातात कामाला जाताना सरकारची मंजुरी आणि नोंदणीकृत एजंट लागतो. एजंटानं जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घ्यावा असा नियम आहे. त्यात पोराच्या ऑफिसचा एसीसुद्धा निघत नाही. वर दोन वर्षांसाठी २७५ रुपयांत दहा लाखांचा विमा काढावा लागतो. हा सगळा पसारा टाळायचा तर विजिट व्हिसा बघा. बापाचं दोन एकर गहाण पडतं, पोट्टं विमानात बसतं, गाव सत्कार करतं.

महिन्याभरानं रात्री फोन येईल, की ड्रायव्हर म्हणून नेलं आणि उन्हात उंट राखायला ठेवलं, पासपोर्ट मालकाकडे आहे. त्याला शांतपणे विचारा, "तू कामाला कुठं गेलास, बाप्पा? तू तर फिरायला गेलास. व्हिसावर लिहिलंय ना!"

तर हजेरी पेन्सिलीनंच लिहा, आणि मुनीमजीला चांगला मोठा खोडरबर आणून द्या. बिल मात्र पक्कं घ्या शेठ, तो खर्च पुस्तकी दाखवता येतो.