पणजी विचारणारे

बेने इस्रायलींच्या, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, डीएनएची ती जुनी बातमी पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतेय. 2016 साली संशोधन प्रसिद्ध झालं, त्यांच्या वंशात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही धागे सापडले. लगेच ‘बघा, हे खरेच ज्यू, सिद्ध झालं!’ म्हणून टाळ्या. अरे, पण पुरावा मागितला कुणी आणि का, ते तर विचारा.

अलिबाग-पेणकडे ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवायची. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. उतरंडीत एक जागा दिली की गावाच्या लेखी विषय संपला. आडनावं पेणकर, नवगावकर, रोहेकर. मलिद्याचं ताट बघितलंय? भिजवलेले गोड पोहे, त्यात खोवलेला नारळ, भोवती फळं, आणि समोर हिब्रूतून एलियाहू हनबीची, म्हणजे प्रेषित एलियाची, आळवणी. (मटणाच्या रश्श्यात नारळाचं दूध, कारण मांसाबरोबर दही-दूध चालत नाही. कोकणी जिभेला त्यात वेगळं काही जाणवायचंही नाही.)

1948 नंतर हीच माणसं इस्रायलला गेली आणि तिथे ‘भारतीय’ ठरली. रंगावरून मिळणाऱ्या वागणुकीला कंटाळून 1952 मध्ये काही कुटुंबं चक्क परत आली. पुढे 60च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य धर्मपीठाने आदेश काढला: बेने इस्रायलींचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी त्यांच्या मागच्या पिढ्या तपासा. युरोपातून आलेल्यांसाठी असा नाव घेऊन आदेश नव्हता. 1964 मध्ये जेरुसलेममध्ये आंदोलन पेटलं, संसदेला ‘हे सर्वार्थाने ज्यूच’ असं जाहीर करावं लागलं, मग आदेशातून समाजाचं नाव गेलं. डीएनए तेव्हा कुणी तपासला नव्हता. रस्त्यावर बसून मिळवलं ते.

जमैकात जन्मलेले आणि बर्मिंगहॅममध्ये सांस्कृतिक अभ्यासाला आकार देणारे स्टुअर्ट हॉल हेच मांडत राहिले: वंशाचा अर्थ रक्तात गोठलेला नसतो, जागा आणि सत्ता बदलली की तोही सरकतो. मला पटतं. फक्त त्यावरून ‘म्हणजे सगळं काल्पनिकच’ म्हणणाऱ्यांचा वैताग येतो. अडलेलं लग्न काल्पनिक नसतं.

आणि सगळा दोष बाहेरच्यांच्या माथी मारायचीही सोय नाही. या समाजातच ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्रायल होते. आई बाहेरची असली की पोरं काळ्यांत, आणि त्यांच्याशी रोटी-बेटी नाही. पणजी विचारायची ही रीत जेरुसलेमच्या कितीतरी आधी रायगडात होती, आणि ती कुणाच्या शेजाराने लागली हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.