‘गीझरच्या पॉइंटवर सॉना’: फॉरवर्डमधलं खरं किती, खोटं किती

मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॅप ग्रुपांवर घरच्या सॉनाबद्दलचा (गरम हवेत घाम काढायच्या लाकडी केबिनबद्दलचा) एक मजकूर फिरतोय. त्याचं सार असं: सॉना म्हणजे मोठा गीझरच, बाथरूममधला १६ अँपिअरचा पॉइंट त्याला पुरतो, एमसीबी (प्रवाह वाढला की वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर ३२चा टाका, ईएलसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच) पावसाळ्यात उगाच पडते, ती बायपास करा, वीज एसीपेक्षा कमी लागते, आणि ऑफिसातून निघतानाच मोबाइलवरून चालू करा, पोचेपर्यंत तयार. यातलं एक-दीड वाक्य खरं आहे. बाकीच्यापायी घराची वायर जळेल.

‘१६ अँपिअरचा पॉइंट पुरतो’

इन्फ्रारेड केबिनला, म्हणजे दगड न तापवता किरणांनी अंग शेकणाऱ्या केबिनला, पुरतो, हे मान्य. एक-दोन माणसांची अशी केबिन दीड ते दोन किलोवॅटची असते, म्हणजे ७ ते ९ अँपिअर. पॉइंट सुस्थितीत असेल, अर्थिंग खरं असेल आणि मध्ये एक्स्टेन्शन बोर्ड नसेल, तर हरकत नाही.

दगड तापवून केबिन गरम करणाऱ्या हिटरचं गणित वेगळं. केबिनच्या साधारण ४५ ते ५० घनफुटांना एक किलोवॅट धरतात. ५ बाय ६ फुटांची, ७ फूट उंच केबिन म्हणजे २१० घनफूट, म्हणजे साडेचार किलोवॅट. हल्ली दार काचेचंच लागतं. उष्णतारोधन नसलेल्या दर चौरस मीटर काचेमागे सुमारे १.२ घनमीटर, म्हणजे चाळीसेक घनफूट, जादा धरावे लागतात. हिटर गेला ६ किलोवॅटवर. ६००० भागिले २३० म्हणजे २६ अँपिअर. १६ अँपिअरच्या सॉकेटची मजल ३.६८ किलोवॅटपर्यंत, तीही नव्या, घट्ट सॉकेटची.

गीझरची तुलना आणखी एका जागी फसते. दोन किलोवॅटचा गीझर पाणी तापलं की थांबतो. सॉनाचा हिटर थंड केबिन तापवताना ३० ते ४५ मिनिटं पूर्ण ताकदीने, न थांबता ओढतो. सॉकेटमधली पितळी पात जराशी सैल असेल तर तेवढ्या वेळात पिन तापते, पात आणखी सैल होते, आणखी तापते. प्लगटॉप काढून पाहा: पिनेच्या बुडाशी प्लास्टिक तपकिरी झालेलं दिसेल. त्याआधी मासळीसारखा वास येतो. आपल्याकडे तो शेजारच्या बोंबलांच्या खात्यावर जातो, हीच पंचाईत.

‘एमसीबी पडते, ३२ची टाका’

सगळ्यात घातक वाक्य हेच. एमसीबी हिटरसाठी नसते, भिंतीतल्या वायरसाठी असते. पॉवर पॉइंटला बहुतेक घरांत अडीच एमएमची (छेद अडीच चौरस मिलिमीटर) तांब्याची वायर असते. वायरिंगच्या पट्टीत चार वायरी शेजारी शेजारी असल्या आणि मुंबईचा मे महिना असला, तर २० अँपिअरच्या आसपास तिची हद्द संपते. तिच्या डोक्यावर ३२ची एमसीबी बसवली की वायर भाजत राहील आणि एमसीबी गप्प बसेल.

‘पण माझ्याकडे साडेचारचा हिटर १६च्या एमसीबीवर चालतो’ असं सांगणारे भेटतात. खोटं बोलत नाहीत ते. १६ची एमसीबी १८ अँपिअरवर तासभर न पडता राहायला हवी आणि २३वर तासाभरात पडायलाच हवी. साडेचार किलोवॅट म्हणजे साडेएकोणीस अँपिअर, नेमके या दोन आकड्यांच्या मधले. थंड बोर्डात टिकेल, तापलेल्या बोर्डात अर्ध्या तासाने पडेल. दोन्ही वेळा वायर मात्र मर्यादेवरच चालते.

६ किलोवॅटच्या सिंगल फेज हिटरसाठी करायचं ते असं. डीबीपासून (घरातल्या एमसीबींच्या बोर्डापासून) हिटरपर्यंत स्वतंत्र लाइन, मध्ये सांधा नाही, दुसरा पॉइंट नाही. ६ एमएम तांब्याची वायर. ३२ अँपिअरची डबल पोल एमसीबी, तिच्याआधी ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (लोक जिला ईएलसीबी म्हणतात ती). केबिनबाहेर, हाताशी, डबल पोल आयसोलेटर, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच. टोकांना लग (धातूच्या टोप्या) क्रिंप करून, म्हणजे हत्याराने दाबून, बसवायचे, वायर पिळून स्क्रूखाली दाबायची नाही. जुन्या इमारतीत ॲल्युमिनियमची वायर निघाली तर तिला तांबं जोडू नका, ती लाइनच बदला. आणि केबिनच्या आत साधी पीव्हीसी वायर चालत नाही. ती ७० अंशांपर्यंतची, छताजवळ ९० अंश असतात. केबल भिंतीच्या खालच्या भागातून, जमिनीपासून एक मीटरच्या आत आणायची आणि हिटरला जोडणारा शेवटचा तुकडा उत्पादकाने सांगितलेल्या रबर किंवा सिलिकॉन केबलचा घ्यायचा. वरच्या दिव्याला आणि सेन्सरला सिलिकॉनच.

हिटर परदेशी असेल तर वायर ओढण्याआधी त्याची पाटी वाचा. युरोपातले बरेच हिटर ४०० व्होल्ट थ्री फेजचे असतात. आत तीन कॉइल, प्रत्येकी २३० व्होल्टची, स्टारमध्ये, म्हणजे प्रत्येकीचं एक टोक एकेका फेजला आणि दुसरी टोकं एकत्र. उत्पादकाच्या आकृतीत सिंगल फेजची जोडणी दिली असेल तरच ती करायची. कॉइल चुकून दोन फेजमध्ये जोडली गेली की तिच्यावर ४०० व्होल्ट येतात आणि तिप्पट उष्णता होते. २२० व्होल्टची पाटी असलेला हिटर २४०वर चालला तरी १९ टक्के जास्त ताकद ओढतो, हेही वायर निवडताना धरायचं.

‘ईएलसीबी पावसाळ्यात उगाच पडते’

पडते हे खरं. उगाच पडत नाही. कॉइलच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड असते, ती दमट हवेतली ओल शोषते. जून ते सप्टेंबर हिटर बंद राहिला की पहिल्यांदा चालू करताना गळती ३० मिलिअँपिअरच्या वर जाऊ शकते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नियमांत सॉनाच्या बाकी सर्किटांना ३० मिलिअँपिअरचं संरक्षण सक्तीचं असूनही हिटरला सूट आहे. फॉरवर्डवाल्याने बहुधा हे कुठेतरी अर्धवट वाचलं असावं.

ती सूट पक्क्या अर्थिंगच्या भरवशावर आहे, आणि जुन्या मुंबईत गोम तिथेच आहे. कित्येक चाळींत, जुन्या इमारतींत अर्थची वायर पाण्याच्या लोखंडी पाइपाला बांधलेली असायची. पुढे दुरुस्तीत पाइप प्लास्टिकचे झाले आणि अर्थ लटकत राहिला. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं, ती पडली, म्हणून अर्थ आहे असं समजू नका. बटणाची गळती आरसीसीबीच्या आतच तयार होते, अर्थिंग नसलं तरी ती पडते. अर्थ लूप टेस्टरने मोजून घ्या.

आरसीसीबी पडलीच तर वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने) कॉइल मोजून घ्यावी. ओल असेल तर अर्थिंग तपासून, केबिन रिकामी ठेवून, स्वतः समोर उभं राहून त्यानेच ती तापवून सुकवावी आणि आरसीसीबी परत जोडावी. सुकवूनही पडली तर कॉइल गेली, बदला. पावसाळ्यात आठवड्याला पंधरा मिनिटं हिटर चालवला तर ही वेळ सहसा येत नाही. दगडांवर टँकरचं किंवा बोअरचं खारं पाणी ओतू नका, त्याचे क्षार कॉइल खातात. पालिकेचं नळाचं पाणी बरं.

‘एसीपेक्षा कमी वीज’

युनिटमध्ये पाहिलं तर फार खोटं नाही. ६ किलोवॅटवर ४० मिनिटं म्हणजे ४ युनिट, पुढचा अर्धा तास निम्म्या वेळ चालू धरला तर दीड. साडेपाच युनिट, एसीच्या एका रात्रीएवढे. पण घराच्या मेन लाइनला युनिट कळत नाहीत, एका वेळचा भार कळतो. हिटर ६, दीड टनाचे दोन एसी ३, गीझर २: मिळून ११ किलोवॅट, जवळपास ४८ अँपिअर. बिलावर मंजूर भार छापलेला असतो, तो पाहा. तो ५ किलोवॅट असेल तर एकटा हिटरच त्याच्या बाहेर गेला. शहरात बेस्टकडे, उपनगरांत अदानी किंवा टाटाकडे, मुलुंड-भांडुपला महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करायचा. परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. मीटर रूममधून वर येणारी वायरही बदलावी लागू शकते, तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींना आधीच सांगा.

‘मोबाइलवरून चालू करा’

बाजारातला स्मार्ट प्लग फार तर १६ अँपिअरचा, त्यामुळे २६ अँपिअरचा प्रश्न तिथेच मिटतो. पण छोट्या हिटरलाही नको. काल कुणी ओला टॉवेल हिटरच्या कठड्यावर वाळत टाकला असेल तर ते दादरच्या प्लॅटफॉर्मवरून दिसत नाही. हिटरच्या आतला थर्मल कटआउट कॉइलसाठी असतो, टॉवेल त्याआधी पेटू शकतो. दुरून चालू करण्याची सोय हवीच असेल तर उत्पादकाचा त्यासाठीचा कंट्रोलर, दाराच्या सेन्सरसकट, घ्या. नाहीतर घरी पोचा, दार उघडा, हिटरवर काही नाही ना ते बघा, मग टायमर फिरवा.