खर्चातली समता ही उत्पन्नातली समता नव्हे

‘जागतिक बँकेच्या मते भारत हा जगातील चौथ्या क्रमांकाचा समताधिष्ठित देश आहे’ हा दावा जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या निवेदनातून पुढे आला आणि आजही तो सर्रास पुढे पाठवला जातो. त्याचा आधार गिनी निर्देशांक. सर्वांचा वाटा सारखा असेल तर हा निर्देशांक ० असतो आणि सारे एकाच्याच हाती असेल तर १००. भारताचा निर्देशांक २५.५ आहे, स्लोव्हाकिया, स्लोव्हेनिया आणि बेलारूस एवढेच देश आपल्या पुढे आहेत आणि ४१.८ वर असलेली अमेरिका कितीतरी मागे आहे, असे सांगितले जाते. २५.५ हा आकडा खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही.

पहिली गोष्ट, ज्या टिपणातून हा आकडा उचलला, त्या एप्रिल २०२५ च्या जागतिक बँकेच्या टिपणात अशी क्रमवारीच नाही. उलट, माहितीच्या मर्यादांमुळे विषमता प्रत्यक्षापेक्षा कमी दिसत असण्याची शक्यता तिथे नोंदवली आहे. जागतिक विषमता माहितीकोशानुसार भारतातील उत्पन्नाचा गिनी २००४ मधील ५२ वरून २०२३ मध्ये ६२ वर गेला आणि वरच्या दहा टक्क्यांची मध्यक (म्हणजे गटातल्या मधल्या माणसाची) कमाई तळच्या दहा टक्क्यांच्या तेरा पट आहे, हेही त्याच टिपणात आहे. ६२ हा आकडासुद्धा अंदाजच आहे आणि त्यामागच्या गृहीतकांवर अर्थतज्ज्ञांत वाद आहेत, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण एका आकड्याचा गाजावाजा करायचा आणि शेजारची वाक्ये गाळायची, हे वाचकांची दिशाभूल करणेच आहे.

मुख्य चूक तुलनेत आहे. भारताचा २५.५ हा २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणावर बेतलेला, म्हणजे खर्चातील विषमतेचा आकडा आहे. अमेरिकेचा, स्लोव्हाकियाचा आणि स्लोव्हेनियाचा आकडा उत्पन्नाचा आहे. खर्चातील विषमता जवळपास सगळीकडेच उत्पन्नातील विषमतेपेक्षा कमी दिसते, कारण श्रीमंत माणूस मिळकतीचा मोठा भाग शिल्लक टाकतो, तर गरिबाला पोट भरण्यासाठी मिळकतीपेक्षा जास्त खर्च करावा लागतो.

हे ‘जास्त’ येते कुठून, ते पाहावे. बीड जिल्ह्यातले ऊसतोड करणारे एखादे जोडपे, त्यांच्या बोलीत ‘एक कोयता’, हंगामाआधी मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ मजुरी) घेते. त्या पैशांतून घरचा किराणा भरला जातो, मुलांचे कपडे येतात, जुने देणे भागते. नंतर कारखान्याच्या हद्दीत कोपी (झोपडी) घालून पहाटेपासून ऊस तोडत ती उचल फेडावी लागते, आणि ती फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. सर्वेक्षणात किराणा आणि कपडे खर्च म्हणून मोजले जातात. ते उचलीतून आले, हे गिनीत कुठेच उमटत नाही. दवाखान्याचेही तसेच. व्याजाने लाखभर रुपये काढून घरातल्या कुणावर शस्त्रक्रिया केली, तर त्या वर्षी त्या घराचा दरडोई खर्च वाढतो आणि कागदावर ते घर वरच्या गटाकडे सरकते. मला या मोजणीतली सर्वांत अस्वस्थ करणारी बाब हीच वाटते.

वरच्या टोकाला नेमके उलटे घडते. २०२२-२३ मध्ये शहरी भागातील सर्वांत वरच्या पाच टक्के लोकांचा सरासरी दरडोई मासिक खर्च २०,८२४ रुपये निघाला, म्हणजे चौघांच्या कुटुंबाचा सुमारे ८३ हजार. मुंबई-पुण्यात राहणाऱ्या कुणालाही कळेल, की देशातील अतिश्रीमंतांचे राहणीमान या सरासरीत दिसत नाही. अशी घरे नमुन्यात क्वचितच येतात आणि आली तरी प्रगणकाला दार उघडतेच असे नाही. शिवाय फ्लॅट, जमीन, शेअर यांत घातलेला पैसा उपभोग खर्चात धरलाच जात नाही. ग्रामीण भागातील तळच्या पाच टक्क्यांचा मासिक खर्च होता १,३७३ रुपये, दिवसाला सुमारे ४६.

दाव्याचा उरलेला भाग असा, की १७.१ कोटी लोक अतिदारिद्र्यातून बाहेर आले, म्हणून समता वाढली. दारिद्र्य घटले, हे मी नाकारत नाही. रोजच्या २.१५ डॉलरच्या रेषेखालील लोकांचे प्रमाण २०११-१२ मधील १६.२ टक्क्यांवरून २०२२-२३ मध्ये २.३ टक्क्यांवर आले. जून २०२५ मध्ये बँकेने रेषा ३ डॉलरवर नेल्यावर ते ५.३ टक्के झाले, तरी घट मोठीच राहते. पण तळच्या माणसाचे ताट थोडे भरणे आणि वरच्या माणसाच्या वाट्याशी त्याचे अंतर कमी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली घडत असताना दुसरी बिघडू शकते. भारती, चॅन्सेल, पिकेटी आणि सोमंची या अर्थतज्ज्ञांच्या २०२४ च्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्क्याकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता.

घरगुती उत्पन्नाचे पहिले देशव्यापी सर्वेक्षण २०२६ मध्ये सुरू करण्याचे सांख्यिकी मंत्रालयाने जाहीर केले तेही २०२५ मध्येच. म्हणजे अमेरिकेच्या उत्पन्नाच्या आकड्याशेजारी ठेवता येईल असा अधिकृत आकडा, क्रमवारी मिरवली गेली तेव्हा, आपल्याकडे नव्हताच.