खुलासा : चेंजलिंगचं रूप हात लावल्यानं उघडं पडत नाही
‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रं रंगवून खेळायच्या खेळातला चेंजलिंग, म्हणजे हवं ते रूप घेणारा जीव; त्याचं रूप म्हणजे नुसता भास, अंगाला हात लावला की पितळ उघडं, असं खेळणाऱ्यांत फिरतंय. पाचव्या आवृत्तीच्या नियमांत तसं नाही. भास असतो तो ‘डिसगाइज सेल्फ’ या वेषांतराच्या मंत्राचा: तासभर टिकतो, कपडे-चिलखतही बदललेलं दाखवतो, पण चाचपलं की फसतो. चेंजलिंगचं मात्र शरीरच बदलतं, आवाजासकट. हा मंत्र नव्हे, त्यामुळे मंत्र मोडणाऱ्या ‘डिस्पेल मॅजिक’नंही काही होत नाही, तो स्वतः रूप सोडेपर्यंत किंवा मरेपर्यंत ते टिकतं. खरी गोची कपड्यांची. ते बदलतच नाहीत! चेहरा सरदाराचा आणि अंगात भिकाऱ्याचा सदरा, मग पहारेकरी हटकणारच. शिवाय कधी न पाहिलेल्या माणसाचं रूप घेता येत नाही, आणि घेतलेल्या रूपाची ताकदही मिळत नाही.