नवऱ्याला रस्त्यात टाकून आलीस म्हणे?

आज नात्यातल्या एका साखरपुड्याला गेलो होतो. जेवणाच्या रांगेत ताट घेऊन उभी होते आणि मागून एका काकूंनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय गं, नवऱ्याला रस्त्यात टाकून आलीस म्हणे?" चौघीजणी हसल्या. मीही हसले, कारण कार्यक्रम दुसऱ्याचा, नवरी मुलगी समोर बसलेली, तिथं काय बोलणार. पण तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. घरी आले, साडी बदलली, चहा टाकला, तो तसाच गार झाला आणि आता हे लिहायला बसलेय. लांब होणार आहे, ज्यांना वेळ असेल त्यांनीच वाचा.

गेल्या रविवारी अहो, मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण (कराडला दिलीय, म्हणून आम्ही तिला कराडकरीणच म्हणतो) असे तिघं २०० किलोमीटरच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) उतरलो होतो. सातारा ते कोल्हापूरच्या अलीकडचा किणी टोलनाका आणि परत. सकाळी ६ ला पोवई नाक्यावरून महाराजांच्या पुतळ्याला नमस्कार करून निघालो, संध्याकाळी साडेसातच्या आत परत तिथंच पोचायचं. २०० ला साडेतेरा तास मिळतात. हे ग्रुपमधल्या सगळ्यांना पाठ आहे पण बाकीच्यांसाठी लिहितेय.

जायला काही त्रास नाही. साताऱ्याहून कराडला उतारच उतार आहे, थंडी होती, वाराही नव्हता, कराडात कोयनेच्या पुलावर उन्हं आली तेव्हा कराडकरीण म्हणाली, "माझं घर इथंच आहे, मी चालले झोपायला." किणीला ४० मिनिटं हातात ठेवून पोचलो, ब्रेवे कार्डावर शिक्का घेतला, दोन-दोन केळी खाल्ली, वळलो. परतीला वारणेचा पूल ओलांडला आणि अहोंचं पॅडलिंग बदललं. मागून बघणाऱ्याला कळतं ते. डावा पाय नुसता फिरत होता, जोर सगळा उजव्यावर. पेठ नाक्यावर विचारलं तर "काही नाही, चल". नेर्ल्याला पुन्हा तेच. कासेगावला मात्र एका चहाच्या टपरीपाशी सायकल थांबवली आणि उतरताच येईना. मी आणि कराडकरणीनं दोन्ही बाजूंनी धरून उतरवलं. गुडघ्याची वाटी टरारून सुजलेली.

तीन वाजत आले होते. ६८ किलोमीटर राहिलेले आणि त्यातला कराडपासून पुढचा सगळा चढ.

आता काकूंना वाटतंय की मी तिथं टाटा करून निघाले. काकू, मी पंचवीस मिनिटं तिथून हलले नव्हते. बर्फ मागितला, टपरीवाल्यानं शेजारच्या आइस्क्रीमवाल्याकडनं आणून दिला. मी सरळ म्हणाले, बास, आपण तिघंही इथंच थांबू, टेम्पो बघू. तेव्हा ते काय म्हणाले ते पुढं सांगते. आधी लाइटचं सांगते, कारण मला आज दिवसभर तेच दिसतंय.

हायवेच्या रुंदीकरणाचं काम चालू आहे, जागोजागी डायव्हर्जन, खडी, धूळ, त्यात कुठंतरी आदळून माझा मागचा लाइट पडला होता. मला पत्ताच नाही. अहोंनी टपरीवर बसल्या बसल्या माझ्या सायकलकडं बघितलं आणि म्हणाले, "तुझा लाइट कुठाय?" मागचा लाल लाइट नसेल तर अंधारात चालवूच देत नाहीत, नियमच आहे, आणि नियम नसता तरी या हायवेला बिनलाइटचं जाणं म्हणजे मरायला जाणं. तर या माणसानं स्वतःचा लाइट काढला. माझ्या सायकलची सीटखालची नळी बारीक, त्यांच्या लाइटचा पट्टा मोठा, तो बसेना. गुडघा वाकत नाही म्हणून माझ्या मागच्या चाकापाशी जमिनीवर बसले, डावा पाय समोर लांब केलेला, टपरीवाल्याकडून कांदा कापायची सुरी मागून घेतली, सकाळी उंब्रजला पंक्चर झालेल्या ट्यूबचा तुकडा कापला, नळीला दोन वेढे दिले, त्यावर पट्टा ओढला, वरून रबरबँड. हाताला ग्रीस, कपाळावर मिठाची पांढरी रेघ. हलवून बघितलं. परत हलवून बघितलं. मग म्हणाले, "आता जा."

आजच्या जेवणात हे कुणाला सांगू शकले नाही मी. रस्त्यात टाकून आलीस म्हणे.

बरं, काकू परवडल्या. त्यांच्या शेजारी एक मामा होते, त्यांनी विचारलं, "आणि नंबर कितवा आला?" मी म्हटलं, मामा, यात नंबर नसतो. तर म्हणाले, "मग गेलीस कशाला?" अहो मामा, बीआरएम ही रेस नाहीच. फ्रान्समधून आलेला प्रकार आहे, तिकडं चार वर्षांतनं एकदा पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस होते, १२०० किलोमीटर, ९० तास, तिथंसुद्धा पहिला-दुसरा काढत नाहीत. आठ तासांत आलेला पोरगा आणि तेरा तास एकोणतीस मिनिटांनी आलेली बाई, दोघांना तेच सर्टिफिकेट, तेच मेडल. २००, ३००, ४००, ६०० एका सीझनमध्ये केलं तर सुपर रँडोनर म्हणतात, तिथंही कितवा हे कुणी विचारत नाही. वेळेत आलास का, एवढंच. मला याच गोष्टीनं ओढलंय या सगळ्याकडं. आयुष्यभर नंबर ऐकत आलेय, शाळेत नंबर, पोरांचे नंबर, सुनांमध्येसुद्धा नंबर. आपल्या साताऱ्याला यवतेश्वरच्या घाटात हाफ मॅरेथॉन सुरू होऊन इतकी वर्षं झाली, गावात निम्म्या घरात बूट आहेत पळायचे, तरी प्रश्न तोच, कितवा आलास.

असो. मामांवर राग नाही माझा. राग पुढच्या वाक्याचा आहे.

अहो तिथंच उभे होते, काठी टेकत. ते म्हणाले, "मीच पाठवली तिला." झालं. लगेच सगळ्यांचे चेहरे बदलले. "बघा हं, किती मोठं मन, परवानगी दिली." परवानगी!! मी ४७ वर्षांची बाई, २२ वर्षं नोकरी करतेय, माझ्या पगारातून घेतलेली सायकल, आणि ६८ किलोमीटर चालवायला मला परवानगी मिळाली म्हणून त्यांचं कौतुक. म्हणजे मी गेले तर मी निर्दय आणि त्यांनी जा म्हटलं तर ते देवमाणूस. एकाच गोष्टीत दोघांना दोन मार्क. आणि तिसरी जी होती, कराडकरीण, जिच्या मागं मागं मी अंधारात आले, तिचं तर नावच नाही कुणाच्या तोंडी. तिच्याबद्दल एकीनं एवढंच विचारलं, "तिचे मिस्टर नव्हते का बरोबर?"

ज्यांना मागच्या वर्षीचं माहीत नाही त्यांना सांगते. मागच्या वर्षी हीच २००, हाच रस्ता. तेव्हा उलट झालं होतं. परतीला उंब्रजच्या अलीकडं मला उलट्या सुरू झाल्या, पाणी पोटात राहीना. मी झाडाखाली आडवी. चाळीसेक किलोमीटर राहिले होते आणि अहोंकडं वेळ होता, पाय ठणठणीत होते. मी त्यांना चार वेळा म्हटलं, तुम्ही जा, माझ्याजवळ कराडकरीण आहे, ती आज चालवत नाहीये, गाडी घेऊन येतेय. नाही गेले. बसून राहिले माझ्या उशाशी. दोघांचंही डीएनएफ, म्हणजे राइड अर्धवट सुटली.

तेव्हा याच काकू म्हणाल्या होत्या, नवरा असावा तर असा.

खरंच आहे ते, नाही म्हणत नाही. आजारी बायकोपाशी बसला, चांगलंच केलं, दुसऱ्या कुणी केलं नसतं. पण मला वर्षभर काय वाटलं ते कुणी विचारलं नाही. कपाट उघडलं की हँगरला त्यांची रिफ्लेक्टिव्ह बनियन दिसायची आणि मला वाटायचं, माझ्यामुळं गेलं यांचं. त्यांनी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही आणि त्यामुळं आणखीनच वाटायचं. मित्रांनी विचारलं की ते म्हणायचे, "अरे तिला बरं नव्हतं ना." साधंच वाक्य. मी स्वयंपाकघरात ऐकायचे आणि हातातलं भांडं तसंच राहायचं. रात्री झोप लागायची नाही, झोप लागली की त्या झाडाखालची ऊन-सावली दिसायची. कुणी माझ्यासाठी थांबलं तर त्याचं ओझं मला होतं हे मला त्या वर्षात कळलं, आणि हे मी आज पहिल्यांदा लिहितेय, त्यांनाही बोलले नव्हते कधी.

मला वाटायचं त्यांना कळलं नसेल. कळलं होतं.

कासेगावच्या टपरीवर मी जेव्हा म्हटलं ना की तिघंही थांबू, तेव्हा ते म्हणाले, "मागल्या वर्षी मी थांबलो ते चुकलं माझं. तू वर्षभर तोंड पाडून होतीस. आता तू थांबलीस तर मी वर्षभर तोंड पाडणार. एवढंच करायचं का आपण म्हातारं होईपर्यंत?" आणि सुरी मागितली. त्यानंतरचं ते ट्यूब कापणं, ते वेढे. टपरीवाले दादा म्हणाले, "जावा ताई तुम्ही, दादांना आम्ही बघतो की." संयोजकांना फोन करून डीएनएफ कळवलं त्यांनी माझ्यासमोर, आवाज एकदम नॉर्मल. मग मी निघाले. शंभर मीटरवर वळून बघितलं तर ते बघत नव्हते, मुद्दाम, टपरीवाल्याशी गप्पा मारत होते. मी रडतच मालखेडपर्यंत आले. कराडकरीण पुढं होती, तिनं मागं वळून एकदाही विचारलं नाही काय झालं, फक्त वेग मला झेपेल एवढा ठेवला.

हां, एक मान्य करते. माझ्या सासूबाई असत्या तर त्यांनाही हे आवडलं नसतं, आणि त्यांच्या बोलण्याचा मला राग आला नसता. गुडघा मोडला असता, ताप आला असता, तर मी जायला नको होतं. पण सूज होती, माणूस शुद्धीत होता, चहा पीत होता, आणि जा म्हणत होता.

कराडनंतरचं फार लिहीत नाही. तासवड्याचा टोलनाका, उंब्रज, सगळं दात-ओठ खात. नागठाण्याला अंधार पडला. आणि आता उसाचा सीझन. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, ऊस बाहेर लोंबतोय, स्पीकर फुल आवाजात. पुढं काळं काहीतरी आहे एवढंच कळतं आणि जवळ गेल्यावर उसाचा वास येतो तेव्हा समजतं ट्रॉली आहे. दरवर्षी माणसं जातात हो यात, बाइकवाली पोरं जातात. दीडशे-दोनशे रुपयांची लाल पट्टी लावायला काय होतं? कारखान्याच्या गेटवर बिनपट्टीची ट्रॉली आत घेऊच नका ना. यावर वेगळी पोस्ट लिहीन, आज नको.

एका जागी कराडकरीण मागं राहिली, चेन उतरली होती तिची. चेन चढवून ती मला गाठायला आली आणि म्हणाली, "अगं तुझा लाइट लांबून काय मस्त दिसतोय, हलत पण नाही." एवढंच म्हणाली ती. मी काही बोलू शकले नाही, शेंद्रे येईपर्यंत.

७ वाजून १८ मिनिटांनी पोवई नाका. बारा मिनिटं शिल्लक. आणि तिथं अहो उभे! कासेगावहून रिकामे क्रेट घेऊन साताऱ्याकडं निघालेला छोटा हत्ती मिळाला होता, मागं सायकल टाकून साडेपाचलाच पोचले होते. घरी गेलेच नव्हते. एका पायावर, खांबाला टेकून, हातात आमच्या दोघींसाठी वडापावची पुडी, गार झालेली. कार्डावर सही होईपर्यंत काही बोलले नाहीत. मग कराडकरणीला म्हणाले, "थँक्यू गं." मला काही म्हणाले नाहीत. माझ्या सायकलच्या मागं गेले, लाइट हलवून बघितला.

काकू, तुम्ही फेसबुकवर आहात हे मला माहितीय. वाचलं तर वाचा. तुमच्याशी भांडण नाही, पुढच्या महिन्यात तुमच्याकडं पूजेला मी येणारच आहे, प्रसादाचा शिरा करायलाही येते. पण हे पुन्हा चारचौघांत विचारू नका. आणि विचारायचंच असलं तर त्यांच्या गुडघ्याचं विचारा. डॉक्टरांनी तीन आठवडे सायकलला हात लावू नका म्हणून सांगितलंय. माणूस रोज संध्याकाळी सायकलजवळ जाऊन टायरची हवा बघून येतो.

लाइट अजून माझ्याच सायकलला आहे. ट्यूबचा तुकडा, रबरबँड, सगळं तसंच. मी काढलेला नाही आणि त्यांनी मागितलेला नाही. मी हे लिहीत असताना आतून दोनदा आवाज आला, "झालं का तुझं टायपिंग? लाइट चार्जिंगला लाव आधी."